मामंजींची शोभेची पिस्तुलं

लग्न होऊन मी सांगलीहून साताऱ्याला आले तेव्हा लढाई सुरू झालेली होती. माझे वडील सांगलीच्या हळदपेठेत एका अडत्याकडे कामाला होते. आमच्या माहेरच्या घरात माणसांना तोटा नव्हता. आई, चुलत्या, आत्या, त्यांची पोरं. कुणी रागावून बसलं तरी त्याला एकटं बसायला कोपरा मिळत नसे. तिथून मी अशा घरात आले जिथं माझ्याखेरीज दोनच माणसं होती, आणि पहिली दिवाळी यायच्या आत त्यांतलं एक पलटणीत परत गेलं. ते माझे यजमान. रजा संपली, ते गेले, आणि पुढं ब्रह्मदेशाकडं पाठवल्याचं कळलं. मागं राहिलो मी आणि माझे सासरे. सासूबाई आमच्या लग्नाच्या आधीच वारल्या होत्या.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या. घाटावरच्या एका लहानशा संस्थानात घोडेस्वारांचा रिसाला होता, त्यात त्यांनी उभी उमेद घालवली होती. घोड्यावरून पडून गुडघा गेला तेव्हा पेन्शन घेऊन घरी आले. बोलणं कमी. माझ्याशी तर फारच कमी. सासऱ्यानं सुनेशी बोलावं तरी काय? सकाळी "पाणी तापलं का?", दुपारी "पान वाढा", दिवेलागणीला "दिवा लावा." एवढ्यात आमचा दिवस सरायचा. मी भाजी निवडताना मोठ्यानं स्वतःशीच बोलते, हे मला शेजारणीनं सांगितलं तेव्हा कळलं. त्यानंतर मी भाजी आतल्या खोलीत बसून निवडू लागले.

पण घरी पाहुणा आला की मामंजी वेगळेच व्हायचे. पाहुणा कोण हे महत्त्वाचं नव्हतं. दुसरा कुणी पेन्शनर, शाळेतले मास्तर, सोयरीक घेऊन आलेले लांबचे नातेवाईक, एकदा तर घोंगड्या विकायला आलेला धनगरसुद्धा. चहा व्हायचा, पाऊसपाण्याच्या गोष्टी व्हायच्या, आणि मग मामंजी जराशानं खाकरून म्हणायचे, "आलाच हायसा तर येक चीज बघून जावा." ते उठायचे, हात धुवायचे, पंच्याला पुसायचे, फडताळातली शिसवी पेटी काढून जमखान्यावर ठेवायचे. पेटीत होती दोन पिस्तुलं आणि त्यांची दोन कातडी घरं. चष्म्याला घर असतं तशी पिस्तुलाची घरं, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची.

संस्थानच्या युवराजांच्या लग्नात राजेसाहेबांनी ती जोडी मामंजींना बहाल केली होती. दरबारात, मिरवणुकीत, सणाच्या दिवशी कमरेला बांधून उभं राहायचं, यासाठी. लढाईशी त्यांचा संबंध नव्हता. ती पोशाखाचा भाग होती, जसा फेट्याचा तुरा.

मामंजींची दाखवायची एक रीत होती. पिस्तुलं पहिल्यांदा काढायची नाहीत. आधी रिकामी घरं हातात घ्यायची. "आधी घर बघा, मग घरवाला," असं ते म्हणायचे आणि समोरचा हसायचा. मग ते सांगायचे, हे सांबराचं कातडं. ही वेल ठोकून उठवलेली हाय, रंगवलेली न्हवं. हे पितळी फूल, ह्ये दाबलं की झाकण उघडतं. बोट फिरवून बघा. मग पिस्तूल निघायचं. हस्तिदंती मूठ, नळीवर चांदीच्या तारेचं काम, बार करायच्या घोड्याच्या जागी मोराची मान. पाहुणा विचारायचाच, "उडवलंय कवा?" त्यावर मामंजी मान हलवायचे. "हे उडवायचं न्हाई. हे बांधायचं. बार करणारी रग्गड हत्यारं होती आमच्यापाशी. हे दिसायला."

मी हे सगळं आतून ऐकायची. पुरुष माणसं बसलेली असताना बाहेर जायची रीत नव्हती. चहाचे पेले उंबऱ्यावर सरकवायचे आणि मागं व्हायचं. दाराच्या फटीतून मला मामंजींची पाठ दिसायची आणि पाहुण्याचा चेहरा दिसायचा. पिस्तुलं पाठीआड. शब्द न् शब्द मला पाठ झाला होता. मोराच्या मानेपाशी आवाज जरा खाली येतो, चांदीच्या तारेपाशी जरा वर जातो, हेसुद्धा. पण पिस्तुलं मी पाहिली नव्हती. घरं मात्र माझ्या ओळखीची होती, कारण सणाच्या आधी ती मला तेल लावायला मिळायची. मामंजी ती उंबऱ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हलक्या हातानं." एरंडेलात फडकं बुडवून मी ती वेल चोळायची. कातडं जुनं होतं, शिवणीपाशी काळं पडलेलं, आणि त्याला घोड्याचा, घामाचा, तेलाचा असा मिळून एक वास होता. पिस्तुलं मामंजी स्वतः पुसायचे, दार लोटून घेऊन.

पाहुण्यांतले एक नेहमीचे होते. मामंजींच्याच रिसाल्यातले एक मुसलमान दफेदार, पेन्शन घेऊन साताऱ्यातच स्थायिक झालेले. मी त्यांना दफेदारचाचा म्हणायची. दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की ते काठी टेकत यायचे. त्यांनी ती पिस्तुलं किती वेळा पाहिली असतील याला गणती नव्हती. ज्या दरबारात ती बहाल झाली त्या दरबारात ते स्वतः उभे होते. तरी दर शुक्रवारी चहा झाला की तेच म्हणायचे, "काढ की रं गड्या, बगू तरी." आणि मामंजी जणू पहिल्यांदाच कुणाला दाखवतोय अशा थाटात पेटी काढायचे. "आधी घर बघ, मग घरवाला." चाचा हसायचे. दर वेळी हसायचे, अगदी मनापासून. त्या हसण्याची मी आत वाट बघत असायची. आठवड्यातून एकदा त्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसायचं.

मग बेचाळीस साल आलं. सातारा जिल्ह्यात काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गावोगावची पोरं भूमिगत झाली, पोलीस गावं पालथी घालू लागले. आमच्या आळीत उघड कुणी काही बोलत नव्हतं, पण कोण कुणाच्या ओट्यावर बसतं इकडं सगळ्यांचं लक्ष होतं. मामंजी संस्थानचे पेन्शनर, मुलगा इंग्रजांच्या पलटणीत. म्हणजे हे सरकारचे, असं लोकांनी धरून टाकलं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त येणं बंद केलं. मास्तर रस्त्यानं जाताना नमस्कार करायचे, पण थांबायचे नाहीत. मी नळावर गेले की बायकांचं बोलणं तुटायचं आणि मी घागर उचलली की पुन्हा सुरू व्हायचं.

दफेदारचाचा तेवढे येत राहिले. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांची लेक आटपाडीला दिली होती. ती त्यांना न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी ते आले तेव्हा शुक्रवार नव्हता. चहा झाला, आणि ते म्हणाले, "काढ."

मामंजी म्हणाले, "आता काय दिसणार तुला?"

"बोटाला दिसतंय की. आन हिकडं."

त्या दिवशी मामंजींनी काही सांगितलं नाही. चाचाच बोटं फिरवत फिरवत सांगत होते. "ही वेल. हे फूल. हितं शिवण उसवली होती, तू मोच्याकडनं घालून घेतलीस. ही मोराची मान." फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे छताकडे लागलेले, आणि ओठांवर हसू. जाताना ते दारातून आत वळून मोठ्यानं म्हणाले, "पोरी, जरा लक्ष ठिव ह्याच्यावर." मी आतून "होय चाचा" म्हटलं. त्यांची काठी आळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होती.

त्या वर्षीची खंडेनवमी मला विसरता येत नाही. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. एरवी त्या दिवशी आमच्या ओट्यावर दुपारभर माणसं असायची. मामंजींनी नेहमीसारखा जमखाना अंथरला. पेटी उघडली, पाटावर तांबडं कापड घालून पिस्तुलं आणि घरं मांडली, झेंडूची फुलं वाहिली. ठेवणीतला कोट घातला, फेटा बांधला आणि बसले. मी आत करंज्यांचं ताट झाकून ठेवलं होतं. ऊन ओट्याच्या पहिल्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या पायरीवर गेलं. आळीतून माणसं जात होती. एकदा कुणाच्या तरी चपला आमच्या दाराशी हळू झाल्या आणि पुढं गेल्या. अजिंक्यताऱ्याची सावली खाली उतरली तेव्हा मामंजींनी फुलं बाजूला केली, पिस्तुलं पुसली, घरांत घातली, पेटी लावली. मग आत येऊन म्हणाले, "करंज्या लई केल्या का?"

मी म्हटलं, "न्हाई मामंजी, थोड्याच हाईत."

"मग बरं," ते म्हणाले, आणि कोट काढायला गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, एका संध्याकाळी तीन तरुण आले. दिवे अजून लागले नव्हते. अंगावर घोंगड्या, पाय धुळीनं भरलेले. ते कोण आहेत हे त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. मी आत भिंतीला टेकून उभी राहिले. फटीतून बघू लागले. त्यांतला थोरला आदरानं बोलत होता.

"आवं आबा, तुमच्यापाशी पिस्तुलं हाईत म्हणं."

"हाईत," मामंजी म्हणाले.

"देशासाठी पायजेल हुती."

मला वाटलं, आता मामंजी नाही म्हणणार आणि काहीतरी भलतंच होणार. पण ते म्हणाले, "आधी बसा. च्या घ्या. मग बघा." आणि ते उठून हात धुवायला गेले.

पुष्कळ दिवसांनी त्यांना कुणीतरी समोर मिळालं होतं. पेटी आली. "आधी घर बघा, मग घरवाला." पोरं हसली नाहीत. मामंजींनी कातड्याची वेल दाखवली, पितळी फूल दाखवलं. पोरं एकमेकांकडं बघत होती, पण थोरल्यानं डोळ्यांनीच दोघांना गप्प बसवलं. पिस्तूल बाहेर निघालं. थोरल्यानं ते हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, नळीच्या तोंडात डोकावलं. मग खराट्याची एक काडी घेऊन त्यानं ती नळीत घातली. काडी बोटाच्या पेराएवढी आत गेली आणि थांबली. त्यानं दुसऱ्या पिस्तुलातही घालून बघितली.

"आबा," तो हळूच म्हणाला, "ही भरीव हाईत."

"शोभेची हाईत ती," मामंजी म्हणाले. "मी कुटं म्हटलं उडत्यात म्हणून?"

"न्हाई, तुमी न्हाई म्हटलं. लोक म्हणत हुते."

त्यानं पिस्तूल दोन्ही हातांनी परत दिलं. चहा पिऊन, मामंजींच्या पाया पडून ते निघाले. उंबऱ्याबाहेर गेल्यावर सगळ्यात लहान होता त्याला हसू आवरलं नाही. फुसकन आवाज आला आणि थोरल्यानं त्याला दटावलेलं ऐकू आलं. मामंजींनीही ते ऐकलं असणार. ते बराच वेळ पिस्तुलं पुसत बसले होते. मी दिवा नेऊन ठेवला तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

ही पिस्तुलं उडवायची नसतात हे मला ठाऊक होतं. ती उडूच शकत नाहीत हे मला त्या संध्याकाळी समजलं. मामंजींच्या बोलण्यातून नेहमी असं वाटायचं, की मनात आणलं तर बार होईल, पण रिवाज नाही म्हणून करायचा नाही.

पुढं दवंडी पिटली गेली. ज्याच्यापाशी हत्यार असेल त्यानं ते कचेरीत आणून जमा करावं. मामंजींनी दवंडी उभं राहून ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, उद्या कचेरीत जायचंय. पेटी जड हाय, टांग्यात धरायला कुणीतरी लागंल. तुमाला यावं लागंल."

मी चाचरत म्हटलं, "मामंजी, ती तर शोभेची..."

"हुकूम म्हंजी हुकूम," ते म्हणाले. "हत्यार ते हत्यार."

रात्री त्यांनी ट्रंकेतून रिसाल्याचा जुना पोशाख काढून ठेवला होता. सकाळी तो घालून ते बाहेर आले. गळ्यापाशी ढगळ झाला होता, बटणं मात्र लखलखत होती. त्यांनी पट्टा बांधला, पण पिस्तुलं पेटीतच ठेवली. मला वाटतं, त्यांच्या मनात होतं की कचेरीत कुणीतरी ती नीट मोजून घेईल, दोन शब्द लिहील, कुलपात ठेवील. जप्त होणं हाही एक मान असतो. सरकारला ज्याचं भय वाटतं त्याचीच जप्ती होते.

टांग्यात मी पेटी मांडीवर घेऊन डोक्यावरून पदर ओढून बसले. कचेरीच्या व्हरांड्यात गर्दी होती. शेतकरी बंदुका घेऊन आले होते, कुणी तलवार, कुणी भाले. मला एका खांबाशी बसवून मामंजी रांगेत उभे राहिले. रांगेतल्या माणसांनी त्यांच्या पोशाखाकडं बघून वाट दिली, पण ते पुढं गेले नाहीत. नंबर आला तेव्हा त्यांनी मला खूण केली. मी पेटी नेऊन टेबलावर ठेवली आणि मागं खांबाशी झाले.

कारकुनानं पेटी उघडली आणि त्याच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं. मग त्यानं पिस्तूल उचललं, उलटंसुलटं केलं, शेजारच्याला दाखवलं. "काय हो हे? नाटकातलं का?" मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. आतून साहेब बाहेर आला. आपलाच माणूस होता, वयस्क, भला दिसत होता. त्यानं कारकुनाला गप्प केलं. पिस्तूल बघितलं, घर बघितलं, कातड्यावरून बोट फिरवलं.

"सुंदर काम आहे," तो म्हणाला. "पण रिसालदारसाहेब, ह्याला हत्यार म्हणता येत नाही. घरी घेऊन जा. उगीच इथं धूळ खाईल."

"सायब, हुकूम हाय," मामंजी म्हणाले.

"हुकूम हत्यारांचा आहे."

मामंजींनी कडक सलाम ठोकला. साहेबानं हात जरासा वर केला आणि पुढच्या माणसाकडं वळला. आम्ही परत टांग्यात बसलो. चढावर टांगा हळू झाला तेव्हा मामंजी रस्त्याकडं बघत म्हणाले, "ह्यांना बी नकोत."

घरी आल्यावर त्यांनी पोशाख घडी घालून ट्रंकेत ठेवला. पेटी फडताळात गेली नाही. ती त्यांनी खाटेखाली सरकवली आणि वर पायपुसणं टाकलं. त्यानंतर ते फारसे ओट्यावर बसेनासे झाले. जेवण अर्धं ठेवून उठायचे. मी काही विचारलं तर "हं" म्हणायचे. आधीही आमचं बोलणं कमीच होतं, पण आधी घरात दोन माणसं गप्प होती. आता वाटायचं मी एकटीच आहे. दफेदारचाचांचं वाक्य मला सारखं आठवायचं. लक्ष ठेव म्हणजे नेमकं काय करायचं?

एके दुपारी भांडी घासून झाली. मी हात धुतले, पदराला पुसले आणि मामंजींच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. एवढं धैर्य कुठून आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

"मामंजी, मला दाखवता का?"

"काय?"

"पिस्तुलं."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी भिंतीशीच बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "तुमी बघितली न्हाईत?"

"घरं बघितलीत. तेल लावताना. पिस्तुलं लांबनंच, दुसऱ्यांच्या हातात. जवळनं न्हाई."

ते खाटेवर तसेच बसून राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले, पायपुसणं बाजूला केलं, पेटी ओढली. हात धुवायला गेले. जमखाना मी अंथरला. ते समोर बसले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले. त्यांनी पेटी उघडली. मला वाटलं ते नेहमीचं बोलतील. पण ते म्हणाले, "तुजी सासू बी तेल लावायची. बारा म्हैनं. तिनं बी बघितली न्हाईत."

"त्यांनी मागितलं न्हाई?"

"न्हाई. आन् मी बी दाखवली न्हाईत. बायकांना काय दाखवायचं, असं वाटायचं." त्यांनी पिस्तूल काढून माझ्या हातात दिलं. ते मला वाटलं होतं त्याहून जड होतं आणि गार होतं. मोराच्या डोळ्यात एक बारीकसा लाल खडा होता. त्याच्याबद्दल त्यांनी कुठल्याच पाहुण्याला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "दुसऱ्याचा पडला. येकच राहिला. म्हणून सांगत न्हाई कुणाला." मग म्हणाले, "पोरी, दरबारात दिवस दिवस हुबं राहायचं. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. राजा आपल्याकडं बघत बी न्हाई. आपुन म्हंजी भिंतीवरचं चित्र. घरी आल्यावर वाटायचं, कुणीतरी इचारावं, आज कसं दिसलं."

मी म्हटलं, "बांधून दाखवा की."

ते उठले, पट्टा बांधला, दोन्ही बाजूंना घरं अडकवली, पिस्तुलं घातली. धोतर आणि बंडीवर तो पट्टा. खोलीच्या मध्यभागी ते ताठ उभे राहिले, हनुवटी वर, नजर समोर. मला हसूही येत होतं आणि रडूही. "लई शोभतंय मामंजी," मी म्हटलं. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "च्या ठिव."

त्या दिवसापासून आम्ही थोडं थोडं बोलू लागलो. फार नाही. पण जेवताना ते घोड्यांच्या गोष्टी सांगायचे, मी हळदपेठेच्या सांगायची. पेटी फडताळात परत गेली.

लढाई संपली आणि पुढच्या वर्षी यजमान घरी आले. वाळले होते, रंग काळवंडला होता, एका कानानं कमी ऐकू येत होतं. मामंजी त्या दिवशी सकाळपासून ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी आतून बघितलं, ते हात धुवायला गेले. पेटी घेऊन आले आणि मुलासमोर बसले. लहानपणापासून मुलानं ती पिस्तुलं पाहिली होती. पण आता तो लढाई करून आला होता. शिपायानं शिपायाला दाखवायची ती.

त्यांनी रिकामं घर हातात घेतलं. "आधी घर बघ..."

"आबा, झाका ते," यजमान म्हणाले.

"आरं, बघ तरी. सूनबाईनं तेल लावून कसं ठेवलंय."

"झाका म्हणतो ना! माझ्यापुढं काढू नका." आणि ते उठून परसात निघून गेले.

मामंजींनी पेटी लावली. माझ्याकडं बघून कसंनुसं हसले. "खऱ्या लढाईतनं आलाय," ते म्हणाले. "बापाच्या खेळण्याची लाज वाटणारच की."

मी म्हटलं, "तसं नसंल, मामंजी." पण मग कसं असेल हे मला ठाऊक नव्हतं. रात्री मी यजमानांना विचारलं. त्यांनी कूस बदलली.

त्यानंतर मामंजींनी पेटी कधी काढली नाही. मी म्हटलं तरी नाही. "बघितलंयस की तू," म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. थोड्या दिवसांचंच दुखणं झालं. शेवटच्या दिवसांत एकदा मला म्हणाले, "जोडी तुला. त्याला देऊ नको, त्याला नको हाय." मी दफेदारचाचांना आटपाडीला निरोप पाठवला. तिकडून उलट निरोप आला, ते आधीच्याच वर्षी गेले.

साताऱ्यात आमचं कुणी उरलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या ओळखीनं यजमानांना सांगलीत हळदीच्या गोदामावर देखरेखीचं काम मिळालं आणि आम्ही तिकडं बिऱ्हाड केलं. माहेर हाकेच्या अंतरावर होतं, पण लग्न झालेली मुलगी माहेरी पाहुणीच असते. चुलत्या वेगळ्या झाल्या होत्या, आत्या गेली होती. यजमान सकाळी जायचे, संध्याकाळी हळदीनं पिवळे होऊन यायचे, जेवायचे, झोपायचे. भांडण नाही, मारहाण नाही, व्यसन नाही. बोलणंही नाही. पेटी मी कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवली होती, त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून.

रविवारी आम्ही कधीकधी कृष्णेच्या घाटावर जायचो. अशाच एका रविवारी, पायऱ्यांवर बसलो असताना, पलीकडून येणाऱ्या नावेकडं बघत ते एकदम बोलू लागले. कशावरून आठवलं ते मला कळलं नाही.

ब्रह्मदेशात एका ओढ्याकाठी त्यांच्या तुकडीला एक जपानी अधिकारी पडलेला सापडला होता. कमरेला पिस्तूल होतं. बरोबरच्यांनी यांना म्हटलं, काढून घे. यांनी पट्ट्याला हात घातला. "कातडं गरम होतं," ते म्हणाले. "त्याच्या अंगानं गरम झालेलं. तेल लावलेलं, निगा राखलेलं. घरी कुणीतरी सांगितलं असंल त्याला, नीट ठेव म्हणून. मी ते काढलं, आणि तवा कळलं की तो अजून मेला न्हवता. माझ्याकडं बघत हुता."

त्यांनी उजवा हात मांडीला पुसला.

"मी आलो त्या दिवशी आबांनी ते घर हातात घेतलं, आणि मला तो दिसला," ते म्हणाले.

मामंजींना जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. मुलाला आपली लाज वाटते असं समजून ते गेले होते. मी ते यजमानांना सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं कशाला, असं मला वाटलं, आणि आजही तेच वाटतं.

नाव काठाला लागली. माणसं उतरली, गुळाच्या ढेपा उतरल्या, नावाड्यानं दोर खांबाला बांधला. अंधारू लागलं तसे घाटावरचे लोक उठून गेले. यजमान पाण्याकडं बघत बसून होते. मी त्यांच्यापासून एक पायरी वर बसले होते, कारण चारचौघांत नवऱ्याशेजारी बसायची तेव्हा रीत नव्हती. मग मी उठले आणि खालच्या पायरीवर जाऊन त्यांच्या शेजारी बसले.